तीन विषय राहिले तेव्हा

(दहावी 1996 तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला आपल्या तुकडीच्या शैक्षणिक निधीबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. किती जमले, किती दिले, तो हिशेब मागच्या टेबलावर फाईलमध्ये आहे, सगळ्यांनी बघावा. मी एकाच मुलाबद्दल बोलणार आहे. नाव सांगत नाही, कारण त्याची धाकटी बहीण याच शाळेत आठवीत आहे.

हा मुलगा दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेला, डिप्लोमा चांगल्या गुणांनी झाला आणि पुण्यात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. खोलीभाडं आणि मेस मिळून महिन्याला 6,000 रुपये आपल्या निधीतून जायचे. मी पुण्यात असते, म्हणून त्याची विचारपूस माझ्याकडे. पहिल्या सत्राचा निकाल मी दोनदा विचारला. दोन्ही वेळा उत्तर आलं, "अजून लागला नाही ताई." निकाल लागून तीन आठवडे झाले होते. पाचपैकी तीन विषय राहिले होते.

खरं सांगते, मी चिडले. नापास झाला म्हणून कमी, खोटं बोलला म्हणून जास्त. त्याच आठवड्यात नर्सिंगला लागलेल्या आपल्याच शाळेच्या एका मुलीचा अर्ज आला होता. गुण उत्तम, घरात कमावणारी एकटी आई. निधीत पैसे एकापुरतेच. ग्रुपवर मीच लिहिलं, "याचं थांबवू या, तिला देऊ या." सात जणांनी अंगठे दाखवले. दोघांनी नुसते हात जोडले, त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

थांबवायचं तर तोंडावर सांगावं, म्हणून रविवारी धनकवडीला त्याच्या खोलीवर गेले. त्याने काही न बोलता वही पुढे केली. एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताची. प्रत्येक तासाला फळ्यावर आलेलं सगळं तारखेसकट उतरवलेलं. मी त्यातलंच एक उदाहरण सोडवायला सांगितलं. दुसऱ्या पायरीला इंटिग्रेशन आलं आणि पेन थांबलं.

इथे ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना कळेल. पहिल्या वर्षाची दोन गणितं झालीच आहेत असं धरून एम-थ्री शिकवतात. डिप्लोमाची मुलं ते वर्ष गाळून येतात. गणित त्यांनाही असतं, पण तेवढं नसतं. हा मुलगा रोज वर्गात बसून, न समजणारी गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होता. आणि मी तरी? बारावी करून, पहिलं वर्ष पास होऊन गेले होते, तरी पुणे विद्यापीठात एम-थ्रीत माझी केटी लागली होती. घरी चार महिने सांगितली नव्हती. आई आज सभागृहात नाही म्हणून बोलतेय.

मी विचारलं, "निकाल का लपवलास?"

"तुम्ही बंद केलं असतं ना ताई."

मी त्यासाठीच तर आले होते.

परत आल्यावर ग्रुपवर वाद झाला. आपल्यातल्या एकाने सरळ विचारलं, "तू त्याला भेटून आलीस म्हणून विरघळलीस. त्या मुलीला कोण भेटलंय?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. शेवटी त्याचं एक वर्ष चालू ठेवायचं ठरलं. मुलीसाठी आम्ही तिघींनी वेगळे पैसे घातले, पण ते तिच्या गरजेच्या निम्मेच होतात. हे मला टोचतं.

मुलाला गुणांची अट घातली नाही. निकाल लागेल त्या दिवशी गुणपत्रिकेचा फोटो पाठवायचा, असेल तसा, एवढीच अट. आणि रविवारी सकाळी दोन तास व्हिडिओ कॉलवर पहिल्या वर्षाचं गणित. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माझंही इंटिग्रेशन गंजलेलं. शनिवारी रात्री मीच आधी अभ्यासाला बसते, घरचे हसतात.

पुढच्या निकालाचा फोटो त्याच दुपारी आला. एम-थ्री सुटला, अगदी काठावर. जुना एक विषय अजून अडकलाय आणि एक नवा राहिलाय. एटीकेटीवर तो तिसऱ्या वर्षात गेला आहे. दोन्ही पेपर तो पुढच्या परीक्षेला देईल.

मुलीचे उरलेले पैसे मात्र अजून जमायचे आहेत. फाईलशेजारच्या वहीत तिच्यासाठी वेगळं पान केलंय. जेवायला जाताना त्या टेबलावरून जा.