झांबेझीचे दोन तीर

झांबेझी नदीवर काझुंगुला येथें २०२१ सालीं ९२३ मीटर लांबीचा पूल खुला झाला. उत्तरतीरावर झांबिया, दक्षिणतीरावर बोट्स्वाना. १९६४ सालीं झांबिया स्वतंत्र झाला तेव्हां तांब्याच्या खाणी आणि त्यांच्या आधारानें वाढलेलीं शहरें त्याच्यापाशीं होतीं; १९६६ सालीं स्वतंत्र झालेल्या बोट्स्वानांत डांबरी रस्ता अवघा १२ किलोमीटर! पुढें पारडें फिरलें. बोट्स्वानांत १९६७ सालीं ओरापा येथें हिरे सांपडले व त्या पैशांतून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले. इकडे १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळून झांबिया कर्जांत रुतला.

तथापि हिऱ्यांनीं आयुष्याची दोरी बळकट झाली नाहीं. एड्सच्या थैमानांत २००० च्या सुमारास या संपन्न देशांतील सरासरी आयुर्मानही पन्नाशीच्या आसपास घसरलें. अखेर २००२ सालीं सरकारनें मोफत औषधोपचार आरंभिला. योजनेचें नांव ‘मासा’. मराठी कानांस गमतीचेंच. सेत्स्वाना भाषेंत मात्र त्याचा अर्थ नवी पहाट. झांबियानेंही परकीय साहाय्यानें तोच मार्ग धरला. आज बोट्स्वानाचें दरडोई उत्पन्न झांबियाच्या कित्येक पट आहे. आयुर्मानांतील अंतर थोड्या वर्षांचेंच.