ऐकले ते पुन्हा सांगा : वैमानिक आणि नियंत्रक यांचा संवाद

(डहाणू व तलासरी तालुक्यांतील विद्यार्थ्यांपुढे डहाणू येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डहाणूच्या किनाऱ्यावरून किंवा तलासरीच्या माळावरून दक्षिणेकडे जाणारी विमाने आपण नेहमी पाहता. पस्तीस हजार फुटांवरून येणाऱ्या जेट विमानास विमानतळाच्या सुमारे २०० किलोमीटर आधीच उतरण्यास प्रारंभ करावा लागतो. मुंबईचा विमानतळ येथून सरळ रेषेत १०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईस जाणारे विमान आपल्या दृष्टीस पडते तेव्हा ते बहुधा उतरू लागलेले असते आणि त्याचा वैमानिक जमिनीवरील कोणाशी तरी बोलत असतो. हे बोलणे कसे चालते आणि त्यातून आपण काय घ्यावे, हा आजचा विषय आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून समुद्रातील तेलक्षेत्राकडे निघालेल्या एका हेलिकॉप्टरचा नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला आणि त्याचे अवशेष डहाणूच्या समुद्रात मिळाले. त्यात सात जण होते. त्या अपघाताच्या कारणमीमांसेत मी शिरत नाही. परंतु 'संपर्क तुटला' हे दोन शब्द किती जड असतात, हे या किनाऱ्यास सांगावयास नको.

एका वेळी एकच आवाज

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमानांची दैनंदिन ये-जा मात्र नऊशेच्या घरात असते. म्हणजे सरासरी दीड मिनिटास एक विमान उतरते किंवा उडते. उतरणारे विमान आधी दूरच्या टापूचा नियंत्रक सांभाळतो, मग विमानतळाजवळचा, शेवटी मनोऱ्यातील. प्रत्येकाची बिनतारी लहर वेगळी. पण त्या लहरीवर एका वेळी अनेक विमाने ऐकत असतात आणि बोलता मात्र एकालाच येते. दोघे एकदम बोलले तर कर्कश आवाज निघतो आणि दोघांचेही बोलणे वाया जाते. म्हणून बोलणे थोडके, ठरलेल्या शब्दांत आणि ठरलेल्या क्रमाने व्हावे, असा दंडक आहे. इंग्रजीतील आकडेसुद्धा मुद्दाम वेगळे उच्चारतात. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नायनर'. खरखरीतही एक आकडा दुसऱ्यासारखा वाटू नये, एवढाच त्यामागील हेतू.

परत म्हणण्याचा नियम

या सर्व व्यवस्थेचा कणा एका साध्या नियमात आहे. नियंत्रकाने 'सात हजार फुटांपर्यंत उतरा' असे सांगितले, तर वैमानिकाने नुसते 'ठीक आहे' म्हणावयाचे नाही. 'सात हजार फुटांपर्यंत उतरतो' असे म्हणून आपल्या विमानाचा क्रमांक सांगावयाचा. उंची, दिशा, वेग, धावपट्टी, हवेचा दाब हे सारे परत म्हणून दाखवावे लागते. ३५१ क्रमांकाच्या विमानास दिलेली आज्ञा ३१५ क्रमांकाच्या वैमानिकाने स्वतःची समजून घेतली, तर ती चूक येथेच उघडी पडते. हवेच्या दाबाचा आकडा केवळ दहा हेक्टोपास्कलने चुकला, तरी विमानातील उंचीमापक सुमारे पावणेतीनशे फुटांनी खोटे बोलू लागतो. रात्रीच्या पावसात तेवढे अंतर पुरेसे असते.

परंतु नियमाचा दुसरा अर्धा भाग बहुधा विसरला जातो. वैमानिक जे परत म्हणतो, ते नियंत्रकाने कान देऊन ऐकले पाहिजे आणि चूक असल्यास तत्काळ सुधारली पाहिजे. सांगणाऱ्याचे काम सांगून संपत नाही. समोरच्याला नेमके काय पोहोचले हे कळल्यावरच ते संपते.

तीन धडे

७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मरण पावले. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, या समजुतीने वैमानिक सुरक्षित उंचीच्या खाली उतरला होता. शब्द शुद्ध असले तरी बोलणाऱ्याची माहितीच चुकीची असेल, तर ते तारू शकत नाहीत.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमाने परस्परांवर आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीस उतरू पाहणाऱ्या कझाकस्तानच्या विमानास पंधरा हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती; समोरून येणारे सौदी विमान चौदा हजारांवर होते. कझाक विमानात संदेश घेणारा एक आणि विमान चालविणारा दुसरा होता. आज्ञा विमानापर्यंत पोहोचली, परंतु सुकाणू धरलेल्या हातापर्यंत पोहोचली नाही.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचा अंत झाला. चालकांनी 'आम्हांस अग्रक्रम द्या' असे म्हटले होते. 'आणीबाणी' हा ठरलेला शब्द मात्र उच्चारला नव्हता. स्पॅनिश ही त्यांची भाषा, नियंत्रकाची इंग्रजी. संकट होते, पण ते ऐकणाऱ्यापर्यंत संकट म्हणून पोहोचलेच नाही.

आपल्यासाठी

मित्रहो, हीच शिस्त आपल्या आसपासही आहे. रेल्वेचे फाटक बंद झाल्याची खात्री देताना फाटकवाला स्टेशन मास्तरास एक गुप्त क्रमांक सांगतो आणि तो लिहून घेतला जातो. नुसत्या होकारावर गाडी सोडीत नाहीत. समुद्रावरील नाखव्याने आपले ठिकाण सांगितले, तर ऐकणाऱ्याने ते परत म्हणावे. दवाखान्यात गोळी दिवसातून किती वेळा घ्यावयाची, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे आणि परिचारिकेने ते ऐकून घ्यावे. यास पैसा लागत नाही.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी वारली बोलली जाते, कोणाकडे कोळी बोली, कोणाकडे गुजराती. शाळेची मराठी आणि कचेरीची इंग्रजी पुष्कळांना मागाहून आली. म्हणून समजले नाही तरी मान डोलावण्याची सवय लागते. जगातील असंख्य वैमानिकही परक्या भाषेतच बोलतात. परंतु 'पुन्हा सांगा' हे शब्द त्यांच्या ठरलेल्या शब्दसंग्रहात आहेत आणि ते उच्चारणे हे कर्तव्य मानले जाते. विचारणाऱ्याने संकोच करू नये, आणि सांगणाऱ्या शिक्षकाने, डॉक्टराने वा अधिकाऱ्याने त्रासून जाऊ नये. ही जबाबदारी उभयपक्षी आहे, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यावर ती अधिक आहे.

आपल्यापैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी नियंत्रक, कोणी परिचारिका, कोणी नाखवा. काम कोणतेही असो, ऐकले ते परत म्हणा आणि परत म्हटलेले ऐका, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.