पहाटे चार ते पहाटे चार

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



डायरी लिहायची म्हटलं की आपल्याला वाटतं, मनातलं काहीतरी खोल लिहायला हवं. एक जानेवारीला चार ओळी होतात आणि आठ तारखेपासून त्याच डायरीत दुधाचा हिशोब सुरू. (हसू नका, तुमच्याही घरी तेच आहे.) मी म्हणते, हिशोबच लिहा की! दिवसभरात आपण कोणाकोणाचे कोण असतो आणि त्यात किती वेळ जातो, एवढाच.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर अशी पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारून टिपलं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात तेव्हा रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचे बरं का. असे पुरुष साधारण चारांत एक!

सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा मीही अशीच एक वही केली होती. मुलांची उरलेली शाळेची वही. डावीकडे वेळ, मध्ये काम, उजवीकडे 'कोण म्हणून'. साडेपाच, कूस बदलली, सून. सात, डबे, आई. दुपारी दोन, टँकर आला म्हणून खाली, कमिटी मेंबर. रात्री अडीच, चादर बदलली. तिथे 'सून' लिहिताना हात थांबला आणि मी 'नर्स' लिहिलं. थकले, वैतागले असं कुठेही लिहिलं नाही.

महिन्याने ती वही जेवणाच्या टेबलावर ठेवली. मोठे दीर आणि नणंदबाई आल्या होत्या. "तू घरीच असतेस, त्यामुळे बरं पडतं," असं दोघंही नेहमी म्हणायचे. दिरांनी पानं उलटली, रात्रीच्या वेळा बघितल्या. वाद झाला, चांगलाच झाला. नणंदबाई दोन आठवडे बोलल्या नाहीत. पण पुढच्या महिन्यापासून रात्रीची बाई लागली, पैसे तिघांत वाटून. दर रविवारी दीर येऊन बसू लागले. आईला भरवायचं कसं, ते पन्नाशी उलटल्यावर शिकले. शेवटचे आठ महिने सासूबाईंना लेक रविवारी हमखास भेटला.

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनीही आठवडाभर लिहिलं. 'कोण म्हणून'च्या रकान्यात 'मित्र' एकदाही आलं नाही, ते त्यांचं त्यांनाच खटकलं. आता संध्याकाळी बी विंगच्या कट्ट्यावर दिसतात ते त्यामुळे.

करायचं तर एकच आठवडा करा, वर्षभर केलं की कंटाळा येतो. त्यात रविवार यायलाच हवा, घराचं खरं रूप रविवारी दिसतं. रात्री एकदम लिहायला बसू नका, निम्मं विसरतं. मोबाईल चालेल, पण घरच्यांना दाखवायचं असेल तर वहीच बरी.

रकाने आखून हवे असतील तर आमच्याकडे या. चहाही मिळेल. तो मी 'शेजारीण' म्हणून लिहीन.