व्हिसानंतरचे कागद



आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: व्हिसा झाला का? झाला म्हटलं की पेढे. मला आज पेढ्यांनंतरचं बोलायचंय, आणि तेही जपानपुरतंच, कारण माझा संसार तिथे आहे. अमेरिकेचं व्हिसापुराण सांगणारे या सभागृहात घरटी एक तरी निघतील.

जपानला नोकरीसाठी जाणाऱ्याचा व्हिसा विमानतळावर उतरलं की संपतो. तो फक्त आत येण्यापुरता. पुढे तुम्ही राहता ते 'निवास दर्जा'वर, आणि तो छापलेला असतो झाइर्यू कार्डावर. नारिता किंवा हानेदाला उतरलात तर हे कार्ड तिथल्या काउंटरवरच हातात पडतं. पत्त्याची जागा मात्र कोरी असते. घर मिळालं की 14 दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जायचं. तिथे कार्डाच्या पाठीवर पत्ता चढतो आणि मग बँक, फोन, विमा अशी एकेक गाडी रुळावर येते. वय 16 किंवा त्याहून जास्त असेल तर कार्ड कायम जवळ हवं, अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. पोलिसाने विचारलं आणि खिशात नसलं, तर 2 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

यावर आपली माणसं फार चिडतात. मी तितका चिडत नाही, कारण आधी काय होतं ते ठाऊक आहे. 2012 पर्यंत परदेशी माणसाची नोंद वेगळ्या वहीत होत असे. नवरा परदेशी आणि बायको जपानी असेल, तर घराच्या नोंदीत नवरा सहसा दिसायचाच नाही. बोटांचे ठसे द्यावे लागत ते निराळंच. जपानमध्येच जन्मलेल्या कोरियन लोकांनी 1980 च्या दशकात ठसे द्यायला नकार दिला, खटले अंगावर घेतले, तेव्हा कुठे 2000 पर्यंत ती सक्ती पूर्ण उठली. (2007 पासून विमानतळावर ठसे पुन्हा घेतात, पण त्यात शिरलो तर वेळ पुरायची नाही.)

आता खास आपल्या अडचणी. पहिली नावाची. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. कार्डावर आधी आडनाव, मग ही जोडगोळी, सगळं रोमन मोठ्या अक्षरांत. बँक तेच काताकाना या जपानी लिपीत लिहिते, आणि 'देशपांडे' तिथे तीन प्रकारे लिहिता येतं. बँकेत एक, फोन कंपनीत दुसरं आणि पेन्शन कार्यालयात तिसरं लिहिलं गेलं, की पैसे वळते होईनात. म्हणून पहिल्याच दिवशी काताकाना ठरवावं, कागदावर लिहून पाकिटात ठेवावं आणि प्रत्येक खिडकीवर तोच कागद पुढे करावा. तिथला कारकून उलट आभार मानतो.

दुसरी अडचण वाहन परवान्याची. आंतरराष्ट्रीय परवाना उतरल्यापासून फार तर एक वर्ष चालतो. वर्ष भरत आलं की भारतात चक्कर टाकून नवा आणू, ही आपली हुशारी चालत नाही. देशाबाहेर सलग तीन महिने काढले नसतील तर तो मानत नाहीत. मग भारतीय परवाना बदलून जपानी घ्यायचा. जर्मनी, फ्रान्स, दक्षिण कोरिया इथल्यांना परीक्षा माफ. ते उजवीकडून गाडी चालवतात. आपण जपान्यांसारखेच डावीकडून चालवतो, तरी परीक्षा आपल्याला! ऑक्टोबर 2025 पर्यंत लेखी परीक्षेत 10 प्रश्न असत आणि 7 बरोबर आले की झालं. आता 50 प्रश्न आणि 45 बरोबर हवेत.

त्याआधी एक गंमत सिद्ध करावी लागते: परवाना मिळाल्यानंतर तुम्ही भारतात निदान तीन महिने राहिलात. पुरावा पासपोर्टवरच्या शिक्क्यांचा. परवाना जुना असेल तर जुना, कोपरा कापलेला पासपोर्टही लागतो, आणि तो नेमका आईच्या कपाटात इकडे राहिलेला असतो. मग प्रत्यक्ष चाचणी. गाडीत बसण्यापूर्वी पुढून-मागून वाकून बघायचं, वळताना आरशात पाहून शिवाय मान वळवायची. आरशात पाहिलं पण मान वळली नाही, तर परीक्षक शांतपणे गुण कापतो. काटकोनातल्या अरुंद वळणावर चाक कडेवर चढलं आणि तसंच पुढे नेलं, तर खेळ खलास. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तिथे सहज नापास होतो आणि बाहेर येऊन सगळ्या जपानला नावं ठेवतो. मला विचाराल तर मान वळवायला शिकवणारी परीक्षा आपल्याकडेही हवी.

इथपर्यंतचं सगळं मी सोसण्याजोगं म्हणेन. नियम लिहिलेले आहेत, मुदती ठरलेल्या आहेत, खिडकीवर कुणी खेकसत नाही. निवासाची मुदत वाढली तरी माय नंबर कार्डाची, म्हणजे तिथल्या ओळख क्रमांकाच्या कार्डाची, मुदत आपोआप वाढत नाही, त्यासाठी वेगळं जावं लागतं, असे सापळे आहेत. पण एकदा कळले की कॅलेंडरवर लिहून ठेवता येतात.

खटकतं ते दुसरंच. तोक्योत निशी-कासाईला, जिथल्या एदोगावा वॉर्डातून आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये वॉर्ड-सभेवर निवडून आले, तिथे अशा कितीतरी मुली भेटतील ज्या स्वतः इंजिनिअर आहेत आणि ज्यांच्या कार्डावर 'कुटुंबीय' असा दर्जा आहे. या दर्जावर काम करायला वेगळी परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी आठवड्याला 28 तासच. नवऱ्याची नोकरी गेली की त्याचा दर्जा डळमळतो, आणि त्याच्यावर टेकलेला तिचाही. घटस्फोट झाला तर 14 दिवसांत कळवायचं, आणि तिथे राहण्याचा तिचा आधारच जातो. भांडण घरातलं असतं, पण एकाच्या हातात दुसऱ्याचा कागद असतो. कोणत्याही समुपदेशनाने ही विषमता भरून निघत नाही.

यातून वाट आहे. तिला स्वतःच्या नोकरीवर दर्जा बदलून मिळतो. त्यासाठी पदवीचं प्रमाणपत्र लागतं आणि कामावर घ्यायला तयार असलेली कंपनी. कंपनी तिथे शोधता येते. प्रमाणपत्र मात्र बहुतेक वेळा माहेरी असतं, कारण निघताना सासरच्यांनी आणि आपणही बॅगेत पापड-मसाल्यांना जागा केली. नवऱ्याची पदवी त्याच्या अर्जाला लागते म्हणून ती आठवणीने गेलेली असते.