वॉरंटीतला मोबाईल आणि ग्राहकाचा हक्क

पुरुषोत्तमनगर म्हणजे शहादा तालुक्यातलं साखर कारखान्याचं गाव. इथल्या कुणी नवा मोबाईल घेतला आणि महिन्याभरात तो बंद पडला, तर? दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो. सेंटरवाले फोन उघडून म्हणतात, ‘आत पाणी गेलंय, वॉरंटी संपली.’ वाद पेटतो तो इथेच.

म्हणून फोन दुरुस्तीला देतानाच जॉबशीट मागून घ्या. बिघाड काय आणि फोन वरून कसा दिसतो, हे त्यावर लिहून घ्या. चारही बाजूंचे फोटो काढा. पाणी गेल्याचं सांगितलं, तर तेही लेखी मागा. नुसत्या तोंडी नकाराचा पुढे काही उपयोग नाही. पक्कं बिल तर हवंच. दोन पैसे वाचवायला बिनबिलाचा फोन घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

दाद कुठे मागायची? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथे तडजोड झाली नाही, तर नंदुरबारचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. फोन सुरतेत घेतला असला तरी चालेल, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोग दुरुस्ती, बदली फोन, पैसे परत किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तक्रार दाखल करा.