गळपट्ट्याची गाठ

अंगात गणवेश, गळ्यात स्कार्फ. शाळेतले स्काउट-गाइड आपल्याला दिसतात ते बहुधा झेंडावंदनाच्या संचलनात. पण या चळवळीचा जीव कवायतीत नाही, तो आहे रोजच्या एका सत्कृत्यात. १९०७ साली चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. पुढच्याच वर्षी आलेल्या पुस्तकात त्यांनी एक साधी युक्ती सुचवली: गळपट्ट्याला एक जादा गाठ मारून ठेवा, म्हणजे आजचं सत्कृत्य विसरणार नाही.

कृत्य लहानच असायचं. आजोबांना रस्ता ओलांडून देणं, वाटेतली केळीची साल उचलणं. अट एकच, बक्षीस घ्यायचं नाही.

आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० रोजी झाली. महाराष्ट्रातल्या शाळांत स्काउट-गाइडलाच जोडून ‘खरी कमाई’ चालते. इथे मात्र पैसे घेतात, पण काम करूनच. "काका, सायकल पुसून देऊ?" असं विचारत सातवीतला मुलगा दारात उभा राहतो. कुणी भाजी निवडून देतं, कुणी दुकानातल्या बरण्या पुसतं. (घरी ताटसुद्धा न उचलणारा हाच तो, असं आई पुटपुटते, ते वेगळं.) मागून आणलेली वर्गणी आणि अशी कमाई यांतला फरक मुलांना भाषणाशिवाय कळतो. कुणी कामाविनाच नोट पुढे केली, तर सरळ सांगायचं, "आधी काम द्या."