कुक्कुटखाद्य : प्रतिजैविके आणि वनस्पतिजन्य पर्याय

कावेरीच्या वळणावर वसलेल्या तलकाडला येणाऱ्या प्रवाशास प्रथम दिसते ती वाळू. हे गाव एकेकाळी गंग राजांची राजधानी होते. पुढे होयसळ विष्णुवर्धनाने चोळांवरील विजयानंतर येथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. आज येथील काही देवळांकडे वाळूच्या टेकड्या ओलांडून जावे लागते. काही तर वाळू उपसूनच मोकळी करावी लागली. सतराव्या शतकाच्या आरंभी श्रीरंगपट्टणच्या सुभेदाराची पत्नी अलमेलम्मा हिने कावेरीत उडी घेताना तलकाडची वाळू होवो असा शाप दिला, अशी लोककथा आहे. अभ्यासकांनी सुचविलेले कारण निराळे आहे. विजयनगरच्या काळात नदीवर बंधारा बांधला गेला, प्रवाह रोडावला, पात्रातील वाळू उघडी पडली आणि वाऱ्याने ती वर्षानुवर्षे गावावर आणून टाकली. बंधारा शेतीच्या हितासाठीच बांधलेला होता. त्याचा हा परिणाम कोणाच्या मनात नव्हता.

हितासाठी केलेल्या उपायाचा परिणाम असा हळूहळू साचत जाण्याचे दुसरे उदाहरण कोंबडीच्या खाद्यात सापडते. म्हैसूर जिल्ह्यात असो वा पुणे, सांगलीकडे, आज परसातील चार कोंबड्यांच्या जागी हजारो पक्ष्यांच्या शेड उभ्या राहिल्या आहेत. मांसल जातीचे पिल्लू सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास भरते. या धंद्यातील एकूण खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाद्यावरच होतो. साहजिकच, थोड्या खाद्यात अधिक वजन देणारी कोणतीही वस्तू कुक्कुटपालकास हवीहवीशी वाटते.

अशी वस्तू योगायोगाने सापडली. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४८ साली ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार झाले. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्या काळी तेथील संशोधनाचे प्रमुख होते. त्याच प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे पिलांच्या वाढीसाठी जीवनसत्त्वांचा शोध घेत होते. औषध काढून घेतल्यावर उरलेला आंबवणीचा चोथा त्यांनी पिलांना चारला, तेव्हा पिले अपेक्षेपेक्षा अधिक वाढली. चोथ्यात राहिलेले अल्पसे प्रतिजैविक याला कारणीभूत होते. काही वर्षांतच असे खाद्य जगभर रूढ झाले.

तथापि अल्प मात्रेतच धोका होता. पूर्ण मात्रेने जंतू मरतात. अल्प मात्रेने दुबळे तेवढे मरतात आणि औषधास दाद न देणारे मागे राहून वाढतात. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा इशारा दिला होता. शेडमधील जंतू शेडपुरते राहत नाहीत, हेही पुढे सिद्ध झाले. बोस्टनजवळच्या एका शेतावर स्टुअर्ट लेव्ही यांनी कोंबड्यांच्या एका गटास टेट्रासायक्लिन वर्गातील औषध मिसळलेले खाद्य दिले. या प्रयोगाचा वृत्तांत १९७६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यांतील जंतू त्या औषधास जुमानेनासे झाले, आणि पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेतही तसे जंतू मोठ्या प्रमाणात आढळले. त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते.

त्यानंतर निरनिराळ्या देशांनी पावले उचलली. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर बंदी घातली. १ जानेवारी २००६ पासून सर्व युरोपीय संघात ती लागू झाली. भारतात कॉलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास जुलै २०१९ मध्ये मनाई करण्यात आली. इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर अत्यवस्थ रुग्णासाठी डॉक्टर ज्या थोड्या औषधांकडे वळतात, त्यांत कॉलिस्टिनची गणना होते. असे औषध पिलांचे वजन वाढविण्यासाठी खर्ची पडत होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मिळाले.

मग खाद्यात दुसरे काय घालावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्ष वनस्पतींकडे जाते. भारतीय स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यातच जंतुनाशक गुणांची अनेक द्रव्ये आहेत. ओव्याच्या बाष्पनशील तेलात थायमॉल असते, लवंगेत युजेनॉल आणि दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड. थायमॉलसारखी द्रव्ये जंतूच्या पेशीपटलातील स्निग्धांशात मिसळतात. पटल सच्छिद्र होते आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. लसणातील अॅलिसिन पाकळी ठेचल्यावरच तयार होते आणि फार काळ टिकत नाही. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही. परंतु जेथे कार्य आतड्यातच अपेक्षित आहे, तेथे ही उणीव तितकी बाधत नाही. याखेरीज तिखट व सुगंधी पदार्थांनी पाचकरसांचा स्राव वाढतो, असेही प्रयोगांत दिसले आहे.

या दृष्टीने तलकाडचा परिसर सोयीचा आहे. शेजारच्या चामराजनगर जिल्ह्यात हळद पिकते आणि म्हैसूर शहरात १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने मसाल्यांची तेले व अर्क यांवर दीर्घकाळ काम केले आहे. महाराष्ट्रात सांगलीची हळदीची बाजारपेठ सुप्रसिद्धच आहे. तथापि कच्चा माल हाताशी असणे आणि भरवशाचे खाद्यमिश्रण हाती असणे यांत अंतर आहे. एकाच मसाल्यातील गुणकारी द्रव्याचे प्रमाण जात, जमीन, हंगाम आणि साठवण यांनुसार बदलते. बाष्पनशील तेल उघड्या पोत्यातून उडून जाते. हळदीचा रंग खुलविण्यासाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त विषारी द्रव्य मिसळल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. अशी हळद कोंबडीला घालणे म्हणजे ते विष माणसाच्या ताटापर्यंत नेणे होय. म्हणून वेष्टनावर केवळ ‘वनौषधी’ हा शब्द पाहून समाधान मानू नये. कोणते द्रव्य, किती टक्के, आणि त्याची तपासणी कोठे झाली, हे विक्रेत्यास विचारले पाहिजे.

वनस्पतिजन्य मिश्रकांच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कोठे वजन वाढते, तर कोठे काहीच फरक पडत नाही. याचे एक कारण जुन्या अनुभवात सापडते. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांना असे आढळले की, नव्या व स्वच्छ जागेत वाढणाऱ्या पिलांना खाद्यातील प्रतिजैविकाचा जवळजवळ लाभ होत नाही. बरीच वर्षे वापरात असलेल्या जागेत मात्र तो होतो. याचा अर्थ असा की, औषध मुख्यतः शेडमधील घाण आणि दाटी यांची भरपाई करीत होते. ही भरपाई ओव्याच्या तेलावर सोपविली, तर ते कमी पडणारच.

म्हणून क्रम उलट हवा. आधी कोरडी गादी, खेळती हवा, स्वच्छ पाणी, माफक गर्दी, वेळच्या वेळी लसीकरण आणि दोन तुकड्यांच्या मध्ये शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवणे. त्यानंतर खाद्यातील मिश्रके. डेन्मार्कचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे १९९५ मध्ये अॅव्होपार्सिन या खाद्यातील प्रतिजैविकावर बंदी आली. त्या वर्षी मांसल कोंबड्यांतील एका जातीच्या एंटेरोकोकस जंतूंपैकी सुमारे ७३ टक्के जंतू त्याला दाद देत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. तेथील कुक्कुटपालनाचे उत्पादनही कोसळले नाही. साचलेली वाळू उपसता येते, हे त्यावरून दिसते.

लहान कुक्कुटपालकाची अडचण मात्र दुर्लक्षिता येणार नाही. करार पद्धतीत पिले व खाद्य कंपनीकडून येतात. पोत्यात काय मिसळले आहे हे पुष्कळदा त्याला ठाऊक नसते, आणि एका तुकडीतील मरतूक त्याचे वर्षाचे गणित बिघडवू शकते. त्याला उपदेशापेक्षा माहिती आणि पडताळणीचे साधन हवे. पडताळणी अवघड नाही. एकाच दिवशी आलेल्या पिलांचे दोन सारखे गट करावेत. एका गटाला नेहमीचे खाद्य द्यावे, दुसऱ्याला मिश्रक घातलेले. दर आठवड्यास ठरावीक पक्षी तोलावेत, मेलेल्यांची नोंद ठेवावी, आणि एक किलो वजनवाढीसाठी किती खाद्य लागले याचा हिशेब करावा. दोन-तीन तुकड्यांनंतर ते मिश्रक पैशास पुरते की नाही, हे वहीच सांगेल.

एक मर्यादा अखेर ध्यानात ठेवली पाहिजे. आजारी कळपास औषध लागतेच, आणि तेथे ओवा-हळदीवर विसंबून राहणे पक्ष्यांवर अन्याय करणारे ठरेल. अशा वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पूर्ण मात्रा द्यावी आणि औषध थांबविल्यानंतर ठरलेले दिवस उलटल्याशिवाय पक्षी विकू नयेत. निरोगी पिलांच्या रोजच्या खाद्यातून प्रतिजैविक काढून घेण्याचा हेतूही हाच आहे की, रोगी पक्ष्याला आणि रोगी माणसाला ते गरजेच्या वेळी लागू पडावे. कावेरीवर बंधारा बांधणाऱ्यांना वाळूची कल्पना असण्याचे कारण नव्हते. खाद्यातील औषधाचे परिणाम मात्र आता मोजले गेले आहेत; म्हणून त्याबाबतचा निर्णय जाणूनबुजून घ्यावयाचा आहे.